माणशी भांडी

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेन्सिलीच्या फुल्या असतात. फुली म्हणजे मावशींचा खाडा. महिन्याला दोन माफ, तिसऱ्यापासून पैसे कापायचे, ही रीत सासूबाईंच्या वेळेपासूनची. यंदा मावशींनी पगार वाढवून मागितला तेव्हा मी सवयीने विचारलं, "सोसायटीत रेट काय चाललाय?" त्यांनी सिंककडे बोट दाखवलं. "माणसं चारच धरलीत ताई, पण भांडी बघा ना."

म्हणून मी आठवडाभर भांडी मोजली. पुण्यात घरकामाचा पगार कामागणिक ठरतो. केर-फरशीचे वेगळे, धुण्याचे वेगळे, भांडी आणि पोळ्या माणशी. इस्त्रीवाला कपडे मोजून पैसे घेतो, त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नाही. भांडी मात्र माणसांवर, आणि माणसं मोजायची ती काम धरताना एकदाच. मंगळवारी सिंकमध्ये 43 नग होते. रविवारी 81. इडलीपात्राचे चार साचे मी एकेक धरले. धरू नयेत असं वाटत असेल तर घासून बघावेत.

चहाच्या निमित्ताने ओट्यापाशी रेंगाळत मी बघत होते. मिक्सरच्या पात्यांखाली अडकलेली चटणी मावशी जुन्या टूथब्रशने काढतात. कुकरची रिंग काढून वेगळी धुतात. दुधाच्या पातेल्याला करपलेला थर धरला असेल तर ते आधी पाणी घालून बाजूला, बाकी सगळं झाल्यावर शेवटी. लोखंडी कढई घासून, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायची. हे लोखंडाचं खूळ माझं, दोन वर्षांपूर्वी आलेलं. त्याचे पैसे कधी वाढवले नाहीत, कारण कढई म्हणजे काही माणूस नव्हे.

भांड्यांना 35 मिनिटं, केर-फरशीला 45. दोन खाडे सोडून 28 दिवसांचे 37 तास 20 मिनिटं. पगार 2,400. ताशी साधारण 64 रुपये. एका इमारतीतून दुसरीकडे जायचा, गेटवर पिशवी दाखवायचा, लिफ्टसाठी थांबायचा वेळ यात नाही. तो कुणाच्याच हिशेबात नसतो.

कायद्यात काही दर सापडतो का पाहिलं. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. त्यात नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत, ताशी दर नाही. घरकामगारांसाठी 2011 साली आंतरराष्ट्रीय करार झाला, तोही भारताने अजून स्वीकारलेला नाही. वाचता वाचता दुसरंच हाती लागलं. 1980 साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली आणि बोनस, भरपगारी सुट्टी या मागण्या घरोघरी पोचल्या. म्हणजे ज्या दोन फुल्या मी इतकी वर्षं माफ करत होते, त्या माफ करायला माझ्या नव्हत्याच.

मी मावशींना 3,200 म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पाहुण्यांचं वेगळं धरा. सणावारी दहा-दहा ताटं पडतात, तेव्हा पुढच्या घरी उशीर होतो आणि त्या वहिनी बोलतात." हे माझ्या मोजणीत आलंच नव्हतं, त्या आठवड्यात आमच्याकडे कुणी जेवायला नव्हतं. पाहुण्यांच्या दर खेपेला 50 ठरले. दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये शेजारीण हसत म्हणाली, "तुम्ही भाव चढवून ठेवलात हं!" मी तिला 81 चा आकडा सांगायला लागले, तोवर तिचा मजला आला.

आता कालनिर्णयावर फुल्यांबरोबर पाहुण्यांसाठी छोटे गोलही असतात. या महिन्यात फुली एक, गोल तीन. काल नणंद सहकुटुंब जेवायला आली होती. रात्री मी स्वतःच सगळी भांडी घासून पालथी घातली आणि चौकोन कोरा ठेवला.