ओलावा 17.4, शेरा काय?

कुंभकोणमजवळच्या आडुतुरैत 1922 पासून भात संशोधन केंद्र आहे. इथल्या वाणांच्या नावातच गाव आहे: एडीटी 36, एडीटी 43. हे लवकर येणारे वाण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै हंगामात, जून-जुलैत लागतात. कापणी-मळणी लांबली की ऑक्टोबरात ईशान्य मान्सून गाठतो आणि भात ओलं होतं. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा 17 टक्के. 2022 मध्ये केंद्राने ती तामिळनाडूसाठी तात्पुरती सवलत म्हणून 19 पर्यंत वाढवली.

समजा, खरेदी केंद्राचा हिशेब डेटाबेसमध्ये आहे. ओलाव्याच्या रकान्यात काय ठेवाल? माझ्या मते फक्त मोजलेला आकडा, 17.4. 'नाकारले' असा शेरा साठवला आणि उद्या सवलतीचा आदेश आला, तर जुन्या नोंदी उकरत बसावं लागेल. शेरा अहवाल काढताना लावावा. त्यासाठी डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत 'केस' आहे, 1992 च्या प्रमाणकापासून. टाइप रोमनमध्ये करायचं, वाचायचं असं:

केस
व्हेन ओलावा <= 17 देन 'स्वीकृत'
व्हेन ओलावा <= 19 देन 'सवलतीत'
एल्स 'नाकारले'
एंड

अटी वरून खाली तपासल्या जातात. पहिली खरी ठरली की काम संपलं. 19 ची ओळ चुकून वर गेली, तर 16 टक्क्यांचं कोरडं भातही 'सवलतीत' जाईल आणि डेटाबेस हूं की चूं करणार नाही.

खरी मेख रिकाम्या रकान्यात आहे. ओलावा मोजायचाच राहिला, तर तिथे 'नल' असतो. नलची 17 शी तुलना खरीही ठरत नाही, खोटीही नाही. दोन्ही अटी हुकतात, नोंद घरंगळत एल्सला पोहोचते आणि पोतं न उघडताच शेतकऱ्याचं भात 'नाकारले' छापलं जातं. म्हणून सगळ्यात वर एक ओळ हवीच: व्हेन ओलावा इज नल देन 'मोजणी बाकी'. इथे 'बरोबर नल' लिहून भागत नाही, 'इज नल'च लागतं.

आणखी एक. आकड्याला 'टक्के' चिकटवून मजकूर केला, तर त्यावर क्रम लावू नका, मजकुरात 9.8 हा 17.4 च्या नंतर येतो. क्रम मूळ रकान्यावरच लावा.

तुमच्या ऑफिसात असा अहवाल निघत असेल, तर एक रिकामी नोंद घालून तो चालवून बघा.