काटा वजन सांगतो, बाकीचे रक्त सांगते

एप्रिल २०२४. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी चेन्नईत दाखल झालेला एक तरुण दगावला. तमिळनाडू सरकारने चौकशी समिती नेमली. अशी बातमी वाचली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘करायची की नाही?’ पण त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेला शरीर तयार आहे का, हे कोणी तपासले आहे?

आकडा सारखा, शरीर वेगळे

२००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी चरबी आत साठलेली असू शकते. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत शस्त्रक्रियेसाठी बीएमआयची मर्यादा सर्वसाधारणपणे ३५ असली, तरी आशियाई लोकांसाठी ती २७.५ ठेवली आहे.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने आयसीएमआरसोबत केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आहेत. त्यामुळे ही शस्त्रक्रिया फक्त वजनाची नाही, साखरेचीही आहे.

कोणत्या तपासण्या, कशासाठी?

• एचबीए१सी: गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर. ती फार वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

• सी-पेप्टाइड: स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवते, हे कळते. ते चांगले बनत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर मधुमेह आटोक्यात येण्याची आशा जास्त.

• थायरॉइड: वजन वाढण्यामागे हेही एक कारण असू शकते. शंका आली तर कॉर्टिसोलही तपासतात.

• यकृत आणि सोनोग्राफी: यकृतावर चरबी असेल तर ते मोठे होते आणि सर्जनच्या वाटेत येते. म्हणून आधी काही दिवस कमी कॅलरीचा आहार देतात.

• बी१२, डी जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम: शाकाहारी घरांत बी१२ बऱ्याचदा आधीच कमी असते. शस्त्रक्रियेनंतर अन्नातून ते आणखी कमी मिळते.

• झोपेची तपासणी: मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी माहीत असायलाच हवे.

काही केंद्रांत तोंडावर मास्क किंवा पारदर्शक टोप ठेवून श्वासातील वायू मोजतात. आराम करताना शरीर किती कॅलरी खर्च करते, हे त्यातून समजते आणि पुढचा आहार ठरवता येतो.

एक गोष्ट विसरू नका

शस्त्रक्रियेनंतर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांतच साखर खाली येऊ शकते. जुनाच इन्सुलिनचा डोस चालू राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. आधीचे रिपोर्ट हाताशी असतील, तर डॉक्टरांना डोस बदलणे सोपे जाते.

तारीख घेण्याआधी विचारा

माझ्या रिपोर्टमध्ये काय बिघडले आहे? ते आधी सुधारता येईल का? रात्री काही झाले तर इथे आयसीयू आहे का? जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या किती वर्षे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आयुष्यभर’ असे असते. ते ऐकूनही मन ठाम असेल, तरच तारीख घ्या. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातले कोणीतरी सोबत न्या. पुढे ताटात काय वाढायचे, हे त्यांनाही ऐकू द्या.