पंपाआधी पाइप

विजेची तार न पोहोचलेल्या शेतघरी स्वतःच्या देखरेखीखाली पोहण्याचा तलाव बांधू पाहणारे लोक बहुधा सर्वांत आधी पंप विकत घेतात, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ खरेदीच्या या क्रमातच असते. पंप किती अश्वशक्तीचा हवा हे तलावाच्या आकारावरून थेट ठरत नाही. ते ठरते पाण्याच्या वाटेत किती अडथळा आहे यावरून, आणि हा अडथळा पाइप, वळणे व फिल्टर यांच्या निवडीतून निर्माण होत असल्याने पंपाची निवड सगळ्यांत शेवटी करणे हेच शहाणपणाचे असते.

मुळशी किंवा भोरच्या डोंगरउतारावर ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलाव बांधायचा आहे असे धरले, तर त्यात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. घरगुती वापराच्या तलावात एवढे सगळे पाणी दिवसातून निदान एकदा फिल्टरमधून फिरावे, अशी साधारण अपेक्षा असते. या फेऱ्याला जाणकार ‘टर्नओव्हर’ म्हणतात. पंप सौर पॅनेलांवर चालणार असल्याने कडक उन्हाचे सहा तासच हाताशी आहेत असे मानले, तर पंपाला तासाला ७,५०० लिटर पाणी खेचावे लागेल.

विहिरीतून टाकीत पाणी चढवणे आणि तलावाचे पाणी फिरवणे यांत मूलभूत फरक आहे. विहिरीच्या पंपाला पाणी उंचीवर न्यावे लागते, तर तलावातून निघालेले पाणी पुन्हा त्याच पातळीला परत येत असल्यामुळे चढाचा हिशेब शून्य होतो आणि पंपाची जवळजवळ सगळी शक्ती केवळ घर्षणावर खर्च होते. हे घर्षण ६ मीटर उंचीच्या चढाइतके असेल आणि पंप व मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर वरील प्रवाहासाठी सुमारे ३०० वॅट लागतात. अरुंद पाइप आणि जागोजागी बसवलेले काटकोनी एल्बो यांमुळे तेच घर्षण १२ मीटरवर गेले, तर सौर पॅनेलांचा खर्चही दुप्पट होतो.

प्रवाह तेवढाच ठेवून पाइपाचा व्यास वाढवला की घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने घटते, त्यामुळे ५० मिलिमीटरऐवजी ६३ मिलिमीटरचा पाइप टाकल्यास सरळ पाइपातील घर्षण सुमारे एक तृतीयांशावर येते. शेतात सर्रास वापरला जाणारा सहा किलोचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाब सोसणारा, पीव्हीसी पाइप या कामाला पुरेसा असतो, आणि एका एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड वापरणे किंवा ४५ अंशांचे दोन तुकडे जोडणे यासाठी वाढणारा खर्च पॅनेलच्या किमतीपुढे किरकोळ ठरतो.

याहून मोठी बचत संथ गतीने साधते. घर्षणाविरुद्ध चालणाऱ्या पंपात प्रवाह गतीच्या प्रमाणात बदलतो, दाब गतीच्या वर्गाच्या आणि लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात. वरच्याच तलावाचे पाणी सहाऐवजी नऊ तासांत फिरवायचे ठरवले, तर प्रवाह तासाला ५,००० लिटरवर येतो, ३०० वॅटऐवजी सुमारे ९० वॅट लागतात, आणि दिवसाचा एकूण खर्च १.८ युनिटवरून ०.८ युनिटवर उतरतो. ९० वॅट ही मागणी इतकी अल्प आहे की ३३० वॅटची दोन पॅनेल सकाळच्या कोवळ्या उन्हातही ती बहुधा भागवू शकतात, आणि बॅटरीची गरज उरत नाही. त्यासाठी मात्र बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेली व गती कमीजास्त करता येणारी मोटर आणि तिचा कंट्रोलर लागतो.

पाणी खेचण्याच्या बाजूला बचतीपेक्षा सुरक्षितता मोठी आहे. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये गरम पाण्याच्या कुंडातील तळनिचऱ्याच्या ओढीत अडकून मरण पावली आणि २००७ मध्ये तिच्याच नावाने तेथे निचऱ्याच्या झाकणांविषयी कायदा झाला. तळाला एकच निचरा ठेवला आणि तो शरीराने झाकला गेला, तर पंपाची सगळी ओढ त्या शरीरावर येते; म्हणून किमान ३ फूट अंतरावर दोन निचरे असावेत, ते मध्ये व्हॉल्व्ह न घालता एकमेकांना जोडलेले असावेत आणि त्यांवर फुगीर, अडकणरोधक झाकणे असावीत. खर्चाचे कारण सांगून यात काटछाट करणाऱ्या गवंड्याचे किंवा प्लंबरचे मुळीच ऐकू नये.

फिल्टरच्या बाबतीत रिवाज वाळूच्या फिल्टरचा आहे, पण सौर पंपावर चालणाऱ्या तलावाला तो सहसा मानवत नाही. अडकलेला गाळ काढण्यासाठी वाळूतून उलट दिशेने जोराचे पाणी सोडावे लागते, ज्याला ‘बॅकवॉश’ म्हणतात, ०.३ चौरस मीटर वाळूसाठी हा प्रवाह तासाला सुमारे १३,००० लिटर लागतो आणि संथ चालणारा पंप तो देऊ शकत नाही, शिवाय तीन मिनिटांत साडेसहाशे लिटर पाणी वाया जाते, जे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गावात सहन होण्याजोगे नाही. त्याऐवजी चुण्यांच्या कापडाचा कार्ट्रिज फिल्टर, तोही गरजेपेक्षा मोठा, ८ ते १० चौरस मीटर कापडाचा घेतला, तर अडथळा कमी राहतो आणि नळीच्या धारेने तो धुता येतो. मात्र पावसाळ्यानंतरच्या विहिरीच्या पाण्यातील तांबडी माती या चुण्या फार लवकर बुजवते, म्हणून असे पाणी आधी टाकीत घेऊन, तुरटीने गाळ खाली बसवून, वरचे नितळ पाणीच तलावात सोडावे.

फिल्टर गाळ अडवतो, जंतू मारत नाही. दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरिनसाठी या तलावाला, ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर, ताजी असल्यास सुमारे २७० ग्रॅम लागते. ती बादलीभर पाण्यात कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरचे पाणीच ओतावे, नाहीतर तो चुना थेट फिल्टरच्या कापडात जाऊन बसतो. क्लोरिन उन्हात झपाट्याने उडून जातो, म्हणून मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी आणि दर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास सायन्युरिक आम्ल हे स्थिरक पाण्यात ठेवावे. टीसीएल आणि बाजारातल्या ट्रायक्लोर गोळ्या एका भांड्यात कधीही एकत्र करू नयेत. त्यातून आग किंवा स्फोट होऊ शकतो.

चरांत माती लोटण्यापूर्वी पाइपांची चाचणी घेणे अनिवार्य आहे. सोल्यूशनने चिकटवलेले सांधे एक दिवस सुकल्यावर पाइपांत पाणी भरावे, हवा पूर्ण काढावी आणि हातपंपाने दोन किलोचा दाब देऊन पूर्ण दिवस-रात्र ठेवावे. चाचणी हवेच्या दाबाने घेऊ नये, कारण फुटलेल्या पाइपाचे तुकडे तेव्हा गोळीसारखे उडतात. उन्हाने पाइप तापला की दाबमापकाचा काटा आपोआप वर सरकत असल्याने आकडा एका पहाटेचा दुसऱ्या पहाटेशीच ताडून पाहावा, आणि तो उतरलेला दिसला तर गळका सांधा कापून नवा बसवल्याखेरीज काँक्रीट मागवू नये.