जुन्या पिस्तुलाची किंमत

वस्तूची किंमत तिच्या उपयुक्ततेवर ठरते, असा सर्वसामान्य समज आहे. परंतु काही वस्तूंचे मोल केवळ त्यांच्या दुर्मिळतेमुळे वाढते, आणि ती दुर्मिळताही निसर्गाने नव्हे, तर सरकारी धोरणाने निर्माण केलेली असते. परवानाधारकांमध्ये एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी जुनी विलायती पिस्तुले हे याचे ठळक उदाहरण होय.

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा हे धानाच्या पट्ट्यातील गाव. तेथील एखाद्या धान-व्यापाऱ्याची कल्पना करावी. हंगामात रोकड घेऊन गोंदिया-तिरोड्याकडे ये-जा करावी लागते, या कारणास्तव त्याने शस्त्र परवाना मागितला आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांनी तो मंजूर केला. आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, देशी आयुध निर्माणीचे नवे .३२ बोअरचे पिस्तूल. दुसरी, एखाद्या जुन्या मालगुजारी घराण्याच्या वारसाने विकावयास काढलेले, खिशात मावेल असे कोल्ट किंवा वेब्ली अँड स्कॉट. कोल्टच्या १९०३ सालच्या नमुन्याचे उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थांबले. वेब्ली कंपनीने तर १९७९ मध्ये बंदुका व पिस्तुले बनविणेच बंद केले. मग पाऊणशे-ऐंशी वर्षांच्या या यंत्राला नव्या पिस्तुलाहून कितीतरी अधिक दाम का पडावा?

याचे उत्तर कारागिरीत थोडे आणि आयात धोरणात फार आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्रे आयात करण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला. देशात पूर्वी आलेली शस्त्रे तेवढीच उरली. त्यांत भर पडेना, मागणी मात्र वाढत गेली. अर्थशास्त्रात अशा अनर्जित लाभाला ‘खंड’ म्हणतात. ग्राहक जे लाखो रुपये मोजतो, त्यांतील मोठा वाटा पोलादाचा नसून बंद दरवाजाचा असतो. हे दार थोडेसे किलकिले झाले तरी हा खंड ओसरू लागेल. २०१६ च्या शस्त्र नियमांनी खासगी उत्पादनाला वाट करून दिली आहे, आणि खुद्द वेब्लीच्या नावाचे रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात बनविण्याची घोषणा २०२० मध्ये झाली. तेव्हा ‘घेतलेला पैसा कधीच बुडत नाही’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद सावधपणेच ऐकला पाहिजे.

दुसरा प्रश्न माहितीचा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करताना दाखवून दिले की, वस्तूचे दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असले, की वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. पिस्तुलाच्या बाबतीत ही विषमता अधिकच तीव्र आहे. मोटार चालवून पाहता येते. पिस्तूल मात्र गिऱ्हाइकाला सहसा झाडून पाहता येत नाही. नळी आतून किती झिजली, स्प्रिंगा किती थकल्या, सरकत्या भागाला सूक्ष्म तडा गेला आहे काय, हे चकाकणाऱ्या पॉलिशखाली दिसत नाही. जमिनीवर पडल्यास गोळी सुटू नये, यासाठी नव्या पिस्तुलांत जी अंतर्गत योजना असते, ती त्या काळच्या बहुतेक नमुन्यांत नाही. सुटे भाग कारखान्यातून येण्याची आशा नाही. काडतुसांचेही तेच. .३२ ची काडतुसे देशात तयार होतात; .२५ बोअरची शोधीत फिरावे लागते. काडतूस न मिळणारे पिस्तूल हे महागडे पेपरवेट होय.

कायद्याने या व्यवहाराला बंधने घातली आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवानाधारकाने आपले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. शस्त्रावरील क्रमांक खोडणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा ठेवली, परवान्याची मुदत पाच वर्षे केली आणि वरातीत वा समारंभात बेफिकीरपणे गोळीबार करणाऱ्यास शिक्षा ठरविली. परंतु या सर्व तरतुदींचा रोख शस्त्र कोणाकडे जाते यावर आहे. ते शस्त्र सुस्थितीत आहे काय, हे पाहण्याची सक्ती त्यांत नाही. त्या ४५ दिवसांतच अधिकृत शस्त्र-कारागिराकडून तपासणी करून दाखला देणे बंधनकारक केले, तर घेणारा व त्याचे शेजारी या दोघांचेही हित साधेल.

हिशेब येथेच संपत नाही. परवान्याचे नूतनीकरण, काडतुसे, सराव, निवडणुकीच्या काळात आदेश झाल्यास शस्त्र ठाण्यात जमा करण्याची यातायात, घरात लहान मुलांपासून ते कुलपात ठेवण्याची अखंड दक्षता, हे सारे खर्च किमतीत दिसत नाहीत. घरात बंदूक असल्यास त्या घरातील आत्महत्येचा धोका वाढतो, हे परदेशांतील संशोधनाने वारंवार दाखविले आहे. कर्जाच्या व नापिकीच्या छायेत वावरणाऱ्या विदर्भाने तर ही बाब विशेष लक्षात ठेवावयास हवी.

परवाना मिळाला म्हणजे गरज सिद्ध झाली, असे नव्हे. ज्याची गरज खरोखरीच आहे, त्याने घराण्याच्या नावावर वा कंपनीच्या शिक्क्यावर भाळून न जाता, ज्याचे भाग, काडतुसे व दुरुस्ती सुलभ आहे असे नवे देशी शस्त्र घेणे शहाणपणाचे. दवनीवाड्याच्या व्यापाऱ्यापुढे मात्र तिसरी वाटही आहे. ज्या रोकडीच्या रक्षणासाठी पिस्तूल हवे, ती रोकडच बँकेमार्फत वळती केली, तर लाखो रुपयांच्या खरेदीचे कारणच उरत नाही. कोणते पिस्तूल घ्यावे, याआधी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.