ठाणे : खाडी आणि लोहमार्ग

साष्टी बेटाच्या ईशान्येस खाडीकाठी वसलेले ठाणे आज मुंबईच्या चाकरमान्यांचे नगर म्हणून ओळखले जाते. तथापि त्याची नागर परंपरा मुंबईहून प्राचीन आहे. शिलाहारांच्या लेखांतील श्रीस्थानक ते हेच. खाडीवर ज्याचा ताबा, त्यास साष्टीचे द्वार मोकळे. म्हणूनच पोर्तुगीजांनी १७३० मध्ये आरंभिलेला येथील किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी व १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा सुमारे ३४ किलोमीटरांचा लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. पुढील वर्षी गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. जी खाडी पूर्वी स्वतःच वाट होती, ती आता वाटेतील अडथळा ठरली. बंदराची जागा स्थानकाने घेतली आणि नगराची दिनचर्या गाडीच्या वेळापत्रकाने बांधली गेली. पुढे वागळे औद्योगिक वसाहतीने ठाण्यातच रोजगार निर्माण केला. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८,४१,४८८ भरली.

नगराने पाठ फिरविली, तरी त्याचे सांडपाणी खाडीकडेच जाते. ठाण्यापाशी खाडीचे पात्र अरुंद व उथळ असल्याने भरती-ओहोटीने मळ व गाळ पुरेसा वाहून जात नाही. २०१५ मध्ये या खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा लाभला. तथापि या संरक्षणाचे यश काठावरील नगरे आपले सांडपाणी शुद्ध करून सोडतात की नाही, यावरच अवलंबून राहील.