निकालाचा रकाना

अमेरिकेत शाळेत शिकवायचं तर बहुतेक राज्यांत आधी बोटांचे ठसे द्यावे लागतात. ते राज्याच्या आणि एफबीआयच्या नोंदींशी ताडून पाहतात. माझी शेजारीण काउंटी शेरिफच्या कचेरीत रेकॉर्ड क्लार्क आहे. ती म्हणते, खरी मेख निकालाच्या रकान्यात. अटकेची नोंद ठशांबरोबर लगेच वर जाते. आरोप मागे घेतले गेले, तर ते मात्र वेगळं कळवावं लागतं. आर-८४ नावाचा फॉर्मच आहे त्यासाठी. तो राहिला, की सुटलेला माणूसही कागदावर नुसता ‘अटक’! पोलिसांचा नंबर एक, कोर्टाचा दुसरा. ही बाई दिवसभर ते जुळवत बसते. कंटाळवाणं म्हणतील लोक. मी निकालपत्रकं भरलेली, मला नाही वाटत. आपली नोंद एफबीआयकडून १८ डॉलर भरून मागवता येते. चुकीची असल्यास हरकत नोंदवायला पैसे पडत नाहीत.