खुडूक कोंबडी आणि आमच्या गावची आजी

आज कोंबड्यांबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय शिकायचं? कोंबड्या तर आपल्या दारातच असतात. आम्हालाही असंच वाटायचं. सकाळी खुराडं उघडायचं, चार दाणे टाकायचे, दिवस मावळला की झाकायचं. झालं कोंबडीपालन!

मग आमच्या बचत गटातल्या दहाजणींनी मिळून कर्ज काढलं आणि एका दिवसाची दोनशे पिल्लं आणली. देणाऱ्यानं सांगितलं, बल्ब लावा, खाद्य टाका, तीन महिन्यांत पैसे मोकळे. आम्ही बल्ब लावला. तिसऱ्या रात्री लाईट गेली, ती पहाटेपर्यंत आलीच नाही. गारठलेली पिल्लं ऊब शोधत कोपऱ्यात एकावर एक चढली आणि खालची चेंगरून मेली. सकाळी घमेली भरून पिल्लं पुरली. उरलेल्यांना पुढं हगवण लागली. महिन्याभरानं मोजली तेव्हा सत्तरही नव्हती. हप्ता मात्र दोनशे पिल्लांचाच भरावा लागला.

तेव्हा आम्ही गावातल्या एका आजींकडे गेलो. त्यांच्या दारात बारा महिने कोंबड्या असतात. पोरांच्या वह्या-पुस्तकांपासून स्वतःच्या चष्म्यापर्यंत सगळं त्यांनी कोंबड्यांवर केलं. आमची हकीगत ऐकून त्या म्हणाल्या, "पोरींनो, पिल्लास्नी आईच न्हाई, तर ऊब कुठनं मिळायची? आन् तुमास्नी कुनी सांगितलं पिल्लं इकत आना म्हनून? अंडी आना. खुडूक कोंबड्या हाईत की गावात."

एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. वनराजा, गिरिराज या सुधारित कोंबड्या अंडी जास्त देतात, वजनालाही चांगल्या भरतात, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. आपली गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, पण बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते आणि जीव लावून पिल्लं वाढवते. मग अंडी सुधारित कोंबडीची आणि आई गावरान, हा मेळ आम्ही घातला. फक्त अंडी आणताना एक बघा. ज्या कळपात कोंबडा आहे, तिथलीच अंडी फळतात. दुकानातली पांढरी अंडी कोंबड्याशिवाय दिलेली असतात. ती एकवीस दिवस काय, वर्षभर बसवली तरी पिल्लू निघायचं नाही. आमच्यातल्या एकीनं तोही प्रयोग करून पाहिला आहे, म्हणून सांगतो.

आता आजींची पद्धत. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

कोंबडी खुडूक झाली हे कसं ओळखायचं, तर ती पिसं फुलवते, खुडखुड आवाज करते, खुराड्यातून हलत नाही आणि हात घातला की टोचते. छातीखाली हात लावला तर गरम लागते. पण म्हणून लगेच तिच्याखाली सगळी अंडी ठेवायची नाहीत. आजी आधी दोन टाकाऊ अंडी ठेवतात. दोन दिवस ती त्यावर घट्ट बसली, तर तिसऱ्या दिवशी रात्री अंधारात ती काढून चांगली अंडी सारतात. नवखी तलंग कधी कधी मधूनच उठून जाते आणि सगळी अंडी वाया जातात, म्हणून ही परीक्षा.

अंडी कोणती घ्यायची? आठवड्याच्या आतली. आजी प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ मारून ठेवतात, एका दिवसाला एक. आम्ही पेन्सिलीनं तारीख लिहितो. फार लहान, फार मोठी, तडकलेली, वेडीवाकडी अंडी खायला वापरा. माखलेलं अंडं धुऊ नका. अंड्यावर न दिसणारा लेप असतो. धुतलं की तो जातो आणि सालीच्या बारीक छिद्रांतून घाण आत शिरते. साठवताना निमुळतं टोक खाली करून गार जागी ठेवा. आजी एका मडक्यात ठेवतात आणि ते मडकं ओल्या वाळूवर. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. त्यांचं माप सोपं आहे. कोंबडी बसल्यावर पंखाबाहेर अंडं दिसलं, की ते काढून घ्यायचं.

टोपलीत खाली राख, वर वाळलेलं गवत आणि कडुनिंबाचा पाला. राखेनं आणि पाल्यानं उवा-पिसवा कमी होतात. उवा झालेली कोंबडी बसूच शकत नाही, सारखी उठते. आजी टोपलीत लोखंडाचा एक खिळाही ठेवतात, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. आम्ही त्यावर वाद घातला नाही. खिळ्यानं काही बिघडत नाही. पण टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, हे त्यांचं म्हणणं आम्ही खुणा करून तपासलं. काही जुळलं नाही. आकारावरून नर-मादी कळत नाही. आजी म्हणाल्या, तुमच्या खुणाच चुकल्या असतील!

बसलेली कोंबडी दिवसातून एकदा उठून खाते, पाणी पिते, लांब जाऊन विष्ठा टाकते. पंधरा-वीस मिनिटांत परत येते. काही कोंबड्या इतक्या चिकट असतात, की उठतच नाहीत आणि वाळून जातात. त्यांना हातानं उचलून पाण्याजवळ सोडावं लागतं.

सातव्या रात्री अंडी तपासा. पूर्वी आजी कंदिलापुढं मुठीत अंडं धरायच्या, आता मोबाईलची बॅटरी पुरते. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर पिल्लू धरलंय. स्वच्छ पिवळसर उजेड दिसला, तर अंडं रिकामं. ते काढून घ्या. अठराव्या दिवसानंतर मात्र टोपलीला हातही लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटू लागतात. एखादं पिल्लू अडकलंय असं वाटलं, तरी साल सोलू नका. आम्ही दया येऊन सोललं आणि रक्त येऊन पिल्लू गेलं. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो. पहिला दिवस त्याला दाण्याची घाई नसते.

रिकामी अंडी फार निघाली, तर कोंबडीला बोल लावू नका, कोंबड्याकडे बघा. आठ-दहा कोंबड्यांमागं एक तरणा कोंबडा लागतो. इथं आम्ही सगळ्याजणी एकच चूक करत होतो, आणि आमची खात्री आहे तुमच्यापैकीही पुष्कळजणी करत असतील. आखाडात भाव येतो. गिऱ्हाईक दारात येतं आणि सगळ्यात उंच, वजनदार कोंबड्यावर बोट ठेवतं. आपण तोच विकतो. मागं उरतो मरतुकडा, ज्याला कुणी घेतलं नाही. मग वर्षभर तोच सगळ्या पिल्लांचा बाप. दोन-चार वर्षांत कोंबड्या बारीक होतात, अंडी घटतात आणि आपण म्हणतो, जातच बिघडली. जात आपणच विकली. आजी पिल्लं दोन-तीन महिन्यांची असतानाच त्यातला सगळ्यात तेज वाढीचा कोंबडा हेरून पायात चिंधी बांधतात. चिंधीचा कोंबडा कितीही पैसे दिले तरी विकायचा नाही. आणि वर्ष-दीड वर्षानं तो बहिणीच्या गावी देऊन तिथला आणायचा, म्हणजे बाप-लेकींचा, भावंडांचा संबंध येत नाही. नात्यातल्या नात्यात वीण होत गेली, की अंड्यातच मरणारी आणि अशक्त पिल्लं वाढतात. आता आमच्या गटानं शेजारच्या दोन गावांच्या गटांशी असा अदलाबदलीचा ठराव केला आहे.

आजी कधीही एक कोंबडी बसवत नाहीत. एकाच रात्री दोन बसवतात. पिल्लं निघाली की रात्री अंधारात सगळी एकीच्याच पंखाखाली सारतात. दुसरी काही दिवसांत पुन्हा अंड्यावर येते. बसवायचे दिवस दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात बसवायच्या आधीच अंडी तापून नासतात आणि पावसाळ्यात भिजून पिल्लं मरतात, ओल्या जागेत रक्ती हगवण पसरते.

पहिले तीन आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली. घार, कावळा, बोका आणि मुंगूस यांच्याच पोटात आपली निम्मी कमाई जाते. पाणी उथळ ताटलीत आणि त्यात खडे, नाहीतर पिल्लू बुडतं. दाणा म्हणून बाजरीचा किंवा मक्याचा भरडा. आणि वाळवी! मडक्यात ओलं गोणपाट आणि शेण भरून ते संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घालायचं. सकाळी उचललं की मडकं वाळवीनं भरलेलं असतं. पिल्लं तुटून पडतात. विकतच्या खाद्यातलं सगळ्यात महाग जे असतं, ते इथं फुकट मिळतं.

एवढं सगळं जाणणाऱ्या आजी एका बाबतीत मात्र ऐकत नव्हत्या. आमच्या पशुसखीनं लसीबद्दल सांगितलं, तर म्हणाल्या, "सुई टोचली की अंडी बंद." यात थोडं खरं आहे. मोठ्या कोंबडीला लस टोचल्यावर काही दिवस अंडी कमी होतात. पण पुढच्या उन्हाळ्यात गावात मर आली. कोंबड्या हिरवी-पांढरी हगायला लागल्या, तोंड वासून श्वास घेऊ लागल्या, माना वाकड्या झाल्या. आजींनी कांदा, लसूण, हळद सगळं दिलं. आठ दिवसांत त्यांचं खुराडं रिकामं झालं. लहान-मोठी मिळून चाळीस. चिंधीचा कोंबडाही गेला. गटातल्या ज्या चौघींनी लस घेतली होती, त्यांच्या बहुतेक कोंबड्या वाचल्या. आजी आमच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच आल्या आणि विचारलं, "ती सुई कधी मिळंल?"

हा राणीखेत रोग. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडलं. आपल्याकडे मानमोडीही म्हणतात. एकदा लागला की त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस कातडीखाली टोचायची. ती त्याहून लहान पिल्लांना देऊ नका. पुढं दर सहा महिन्यांनी पशुवैद्यांना विचारून पुन्हा. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात. आजारी पक्ष्याला लस द्यायची नाही, आणि जंताचं औषध लसीच्या आठवडाभर आधी द्यायचं. लस बर्फातच आणायची आणि कालवली की दोन तासांच्या आत संपवायची. उन्हात राहिलेली लस टोचली काय न टोचली काय, सारखंच.

आणि एक. एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर त्या विकू नका, खाऊ नका, ओढ्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि ते सांगतील तसं चुना टाकून खोल पुरा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा तिथले लाखो पक्षी मारावे लागले होते. वरून बघून कुठला रोग ते आपल्याला ओळखता येत नाही.

लसीची बाटली शंभर पक्ष्यांची असते. एकटीनं आणली तर निम्मी फुकट जाते. म्हणून आम्ही दहा घरं मिळून दिवस ठरवतो. पशुसखी पहाटेच थर्मासमध्ये बर्फ घालून येते, कारण एकदा कोंबड्या मोकळ्या सुटल्या की पकडता पकडता दोन तास जातात. सुरुवात आजींच्या घरापासून होते. त्यांनी चार वाजताच उठून सगळ्या कोंबड्या डालग्याखाली झाकलेल्या असतात.